उशिरा उमगलेली चेताभिन्नता, विषाद आणि तग : वडनेर परिसराच्या निमित्ताने

माणसाच्या स्वभावाचे वर्णन करणारी जी विशेषणे मराठीत रूढ आहेत ती एके ठिकाणी मांडून पाहिली, तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. घुमा, एकलकोंडा, तऱ्हेवाईक, तिरसट, विसरभोळा, वेंधळा, धांदरट, उतावळा, आरंभशूर ही सगळी विशेषणे दिसावयास वर्णनपर असली तरी वस्तुतः ती निवाडे आहेत. 'विसरभोळा' या शब्दात थोडी माया आहे, 'आरंभशूर' यात उपहास आहे, 'घुमा' यात संशय आहे. पण या सर्वांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे, ते म्हणजे मनावर घेतले असते तर हा मनुष्य निराळा वागू शकला असता. प्रस्तुत लेखाचा विषय अशी माणसे आहेत की ज्यांनी यांपैकी एखादे विशेषण तीस-चाळीस वर्षे अंगावर वागविले, स्वतःही ते खरे मानले, पुढे ज्यांना विषादाने ग्रासले, आणि त्या विषादावरील उपचारांच्या ओघात ज्यांना प्रथमच कळले की आपल्या मेंदूची घडणच जन्मतः काहीशी वेगळी आहे.

आरंभी दोन-तीन संज्ञांचा खुलासा करणे इष्ट होईल. सर्व माणसांचे मेंदू एकाच साच्यातून निघत नाहीत, आणि या फरकांपैकी काहींना केवळ रोग म्हणून न पाहता मानवी वैविध्याचा भाग म्हणून पाहावे, हा विचार विसाव्या शतकाच्या अखेरीस पाश्चात्त्य देशांत पुढे आला. ऑस्ट्रेलियातील समाजशास्त्राच्या अभ्यासक ज्यूडी सिंगर यांनी १९९८ च्या आपल्या प्रबंधात त्याची मांडणी केली. त्या कल्पनेसाठी येथे 'चेताविविधता' आणि अशा व्यक्तीच्या स्थितीसाठी 'चेताभिन्नता' हे शब्द वापरले आहेत. ऑटिझम, अवधानन्यूनता व अतिचंचलता (जिला आता शहरांतून 'एडीएचडी' या आद्याक्षरांनीच ओळखतात), आणि वाचन, लेखन वा गणित यांतील विशिष्ट अध्ययन-अक्षमता या तीन स्थिती त्यात प्रामुख्याने येतात. ऑटिझमला मराठीत 'स्वमग्नता' हा शब्द स्थिरावला आहे; तथापि तो फारसा समर्पक नाही असे प्रस्तुत लेखकास वाटते. स्वतःतच मग्न असलेला, म्हणजे दुसऱ्याची पर्वा नसलेला, असा त्याचा ध्वनी आहे. प्रत्यक्षात यांतील अनेक प्रौढ दुसऱ्याला काय वाटेल याच चिंतेने अहोरात्र थकलेले असतात. म्हणून मूळचा 'ऑटिझम' हा शब्दच येथे ठेवला आहे.

'नैराश्य' या शब्दाऐवजी 'विषाद' हा शब्द योजण्याचेही कारण आहे. निराशा ही कशाची तरी असते. आशा भंगली म्हणजे ती येते. विषादविकारात मात्र दुःखाचे कारण सांगता येईलच असे नाही, किंबहुना दुःख हीच तक्रार असेल असेही नाही. वऱ्हाड-नागपूरकडील रुग्ण 'मी उदास आहे' असे क्वचितच म्हणतो. कशात जीव लागत नाही, डोके जड झाले, हातापायांतले बळ गेले, झोप उडाली, अशा भाषेत तो बोलतो, आणि पुष्कळदा शक्तीचे इंजेक्शन घेऊन घरी जातो.

विषयाला स्थळाची मर्यादा घातल्यावाचून असा विचार हवेत राहतो, म्हणून वर्धा जिल्ह्यातील वडनेर हे गाव समोर ठेवले आहे. हिंगणघाट तालुक्यातील हे गाव नागपूर-हैदराबाद महामार्गाच्या पट्ट्यात, कापूस, सोयाबीन आणि तूर यांच्या मुलखात वसले आहे. हिंगणघाटच्या कापसाची ख्याती एकोणिसाव्या शतकापासूनची. जिल्ह्यात सेवाग्रामला १९६९ साली स्थापन झालेले महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान आहे, सावंगीला दुसरे वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. म्हणजे मानसोपचार हा शब्द या भागाला अपरिचित नाही. तरीही वडनेरसारख्या गावातील चाळिशीच्या माणसाला 'तुम्हांला लहानपणापासून हे असे होते काय?' असा प्रश्न कोणी विचारण्याचा संभव फार थोडा. असे का व्हावे, आणि त्याची किंमत कोण भरतो, हे पाहावयाचे आहे.

निदान उशिरा होण्याचे पहिले कारण शास्त्राच्या इतिहासातच आहे. ग्रून्या सुखारेवा या रशियन बालमानसोपचारतज्ज्ञ स्त्रीने १९२५-२६ मध्ये, लिओ कॅनर यांनी अमेरिकेत १९४३ मध्ये आणि हान्स आस्पर्गर यांनी व्हिएन्नात १९४४ मध्ये अशा मुलांची वर्णने प्रसिद्ध केली. परंतु ती मुलांची वर्णने होती; ही मुले मोठी होतात, नोकरी करतात, लग्न करतात, याकडे शास्त्राचे लक्ष फार उशिरा गेले. लॉर्ना विंग या ब्रिटिश विदुषीने १९८१ साली आस्पर्गर यांचे काम इंग्रजी वाचकांपुढे आणले, तेव्हा बोलता-लिहिता येणाऱ्या, बुद्धीने बरोबरीच्या अथवा सरस अशा माणसांतही ऑटिझम असू शकतो ही गोष्ट मान्य होऊ लागली. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानग्रंथाच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीपर्यंत तर ऑटिझम आणि अवधानन्यूनता ही दोन निदाने एकाच व्यक्तीला देण्यास मज्जाव होता. त्याच आवृत्तीने अवधानन्यूनतेची लक्षणे सात वर्षांच्या आत दिसली पाहिजेत ही अट सैल करून बारा वर्षांवर आणली.

आता हे कालमान आपल्या मुलखावर ठेवून पाहावे. १९८० च्या सुमारास वडनेर परिसरात जन्मलेला मुलगा १९८६ ते १९९६ या काळात शाळेत होता. त्याच्या गुरुजींना हे शब्द ठाऊक नसणे हा गुरुजींचा दोष नव्हे. अपंगांसाठीच्या १९९५ च्या केंद्रीय कायद्यातही ऑटिझमचा उल्लेख नव्हता. तो प्रथम आला १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात. अध्ययन-अक्षमतेचा विचार महाराष्ट्रात मुंबईत आधी सुरू झाला आणि परीक्षांतील सवलतींच्या रूपाने १९९० नंतरच्या दशकात पुढे सरकला. खेड्यात तो पोहोचला तो पुष्कळ अंशी २००७ सालच्या 'तारे जमीन पर' या चित्रपटामुळे. तोपर्यंत आपला हा मुलगा सत्तावीस वर्षांचा झालेला होता, आणि चित्रपटातला नायक तर आठ-नऊ वर्षांचा. स्वतःचा संबंध त्याने जोडला नसेल तर नवल नाही.

ही स्थिती विरळ आहे असेही नाही. देशातील पाच ठिकाणी केलेला आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास आहे. त्यांत उत्तर गोवा हे एक ठिकाण होते. दोन ते नऊ वर्षे वयाच्या मुलांत सुमारे आठांपैकी एकाला चेतासंस्थेच्या वाढीशी निगडित असा काही ना काही विकार त्यात आढळला. यात श्रवणदोष, अपस्मार वगैरेही धरले होते, त्यामुळे हा आकडा केवळ आपल्या विषयाचा समजू नये. पण ही मुले कोठेतरी मोठी होतच असणार, आणि प्रौढांची अशी मोजदाद आपल्याकडे जवळजवळ नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ साली बारा राज्यांत झाले. त्यांत महाराष्ट्र नव्हता. विषादविकाराच्या शंभरांपैकी सुमारे ८५ रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत हे त्या सर्वेक्षणाने दाखविले. जेथे विषादच ओळखला जात नाही तेथे विषादामागे दडलेले दुसरे काही ओळखले जाण्याची अपेक्षा कशी करावी?

विषाद आणि चेताभिन्नता यांचा संबंध योगायोगाचा नाही. ऑटिझम असलेल्या प्रौढांवरील अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्यात शंभरांपैकी सुमारे २३ जणांना पाहणीच्या वेळी, तर ३७ जणांना आयुष्यात केव्हा ना केव्हा विषादविकार असल्याचे दिसले. केंब्रिज येथील प्रौढांच्या निदानकेंद्रात आलेल्या ३७४ व्यक्तींच्या २०१४ च्या अहवालात ६६ टक्के व्यक्तींनी आपल्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचे सांगितले होते. मोठेपणी निदान झालेल्यांचा हा गट होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. एवढे दुःख कोठून येते? मेंदूच्या घडणीतूनच ते थेट येते असे मानण्यास पुरेसा आधार नाही. अधिक सबळ उत्तर असे की ते लपविण्याच्या श्रमातून येते. नजरेला नजर किती वेळ द्यावी, हसावे केव्हा, 'या एकदा घरी' हे आमंत्रण खरे की उपचाराचे, या गोष्टी इतरांना आपोआप समजतात. या माणसांना त्या पाठ कराव्या लागतात. अवधानन्यूनता असलेल्या माणसाचे श्रम निराळे: प्रत्येक विसरलेल्या कामाची सबब शोधणे, तीच चूक दहाव्यांदा झाल्यावर पुन्हा शपथ घेणे, आणि हळूहळू स्वतःच्या शब्दावरचा स्वतःचा विश्वास गमावणे. अभ्यासकांनी या लपविण्याला मुखवटा धारण करणे म्हटले आहे. परंतु नाटकातला मुखवटा अंक संपल्यावर उतरविता येतो, आणि येथे अंक संपत नाही. म्हणून ओझे वाहणे हीच उपमा अधिक योग्य ठरावी.

येथे ग्रामीण समाजरचनेविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण याबाबतीत दोन परस्परविरोधी समजुती प्रचलित आहेत. खेड्यात सगळ्यांना सामावून घेतले जाते ही एक. आणि खेड्यात वेगळ्या माणसाची छळणूक होते ही दुसरी. दोन्हींत तथ्य आहे, पण खरा मुद्दा निराळा आहे. जुन्या शेतीव्यवस्थेत काही कामे अशी होती की त्यांत बोलावे फार लागत नसे, ती ठरल्या वेळी ठरल्या रीतीने होत, आणि त्यांचे फळ डोळ्यांसमोर दिसे. गुरे राखणे, बैलांची निगा, डवरणी, बंडीची दुरुस्ती, रात्रीची राखण ही तशी कामे. घुम्या माणसाला त्यांत जागा मिळे. ज्याला एका जागी बसवत नाही त्याला दिवसभर शिवार पालथे घालण्याची मुभा असे. त्याला कोणी समजून घेतले होते असे नव्हे. समजून घेण्याची गरजच त्या व्यवस्थेत थोडी पडत होती. कुटुंब एकत्र असेल तर हिशेब थोरला भाऊ ठेवी, बाजार धाकटा करी, आणि मधला बैलांत रमे. हा प्रस्तुत लेखकाचा तर्क आहे, मोजणीने सिद्ध झालेला सिद्धांत नव्हे. पण त्याचा पडताळा घेण्याजोगा आहे.

ही व्यवस्था मोडली ती एका दिवसात नाही. जमिनीच्या वाटण्या झाल्या. मधल्या भावाला स्वतःचा हिशेब स्वतः ठेवणे आले. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, त्यानंतर बियाणे, खत, औषध यांचा खर्च आधी करून मोबदल्याची वाट पाहण्याचा काळ लांबला. आणि शेती हळूहळू कागदाची झाली. २०१७ च्या कर्जमाफीचे अर्ज संगणकावरून भरावयाचे होते. पीकविम्याच्या २०१६ च्या योजनेत स्थानिक आपत्तीने झालेल्या नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत देण्याची अट घातली गेली. २०२१ च्या ऑगस्टपासून ई-पीक पाहणी आली. आपल्या पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून ठरावीक मुदतीत करावयाची. व्याजाची सवलत मिळावयाची तर पीककर्जाची फेड ठरल्या तारखेच्या आत हवी. प्रशासनाच्या दृष्टीने या साऱ्या सुधारणा असतील. पण मेंदूच्या ज्या कार्यात अवधानन्यून व्यक्ती मुळातच उणी पडते, म्हणजे मुदत ध्यानी ठेवणे, कंटाळवाणे काम सुरू करणे, पायऱ्यापायऱ्यांनी ते शेवटास नेणे, नेमकी त्याच कार्याची ही परीक्षा आहे, आणि तिच्यात नापास होण्याचा दंड रुपयांत भरावा लागतो. दोन एकरांत बारा तास राबणारा माणूस मुदत टळली म्हणून आळशी ठरतो. स्वतःच्या नजरेतही.

सेवाग्राम येथील वैद्यकीय संस्थेतील संशोधकांनी विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या कारणांसंबंधी गावकऱ्यांना काय वाटते याचा गुणात्मक अभ्यास केला होता. तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. कर्ज, व्यसन, निसर्गाची अवकृपा, शेतमालाला न मिळणारा भाव, ताण व कौटुंबिक जबाबदाऱ्या अशी कारणे लोकांनी सांगितली. या कारणांचे आर्थिक मूळ नाकारण्याचा येथे हेतू नाही, आणि शेतीचा प्रश्न मेंदूचा प्रश्न आहे असे तर कोणी समजू नये. विचारावयाचे ते एवढेच की समान कर्ज, समान पाऊस आणि समान भाव असता एकच घर आधी का कोसळते, याच्या उत्तरात ओळखली न गेलेली चेताभिन्नता ही एक बाब असू शकेल काय? व्यसनाच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच निकडीचा आहे. वर्धा जिल्ह्यात १९७० नंतरच्या दशकापासून दारूबंदी आहे, आणि तरीही व्यसन कारणांच्या यादीत वरच्या स्थानी येते. अवधानन्यूनता असलेल्या प्रौढांत व्यसनाधीनतेचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक असते हे अन्य देशांतील पाहण्यांनी पुरेसे दाखविले आहे.

स्त्रियांची गोष्ट वेगळी काढून सांगितली पाहिजे. ऑटिझम मुलींपेक्षा मुलांत चौपट असे पूर्वी सांगत. २०१७ च्या एका विश्लेषणात हे प्रमाण तिपटीच्या जवळ आले, आणि मुलींचे निदान हुकते हे त्याचे एक कारण म्हणून पुढे आले. मुलगी गप्प बसली तर ती शहाणी ठरते. माहेरी तिच्या सवयी घराला ठाऊक असतात: अमुक कापड तिला टोचते, भांड्यांचा आवाज तिला सोसत नाही, सांगितलेले काम ती आपल्या क्रमानेच करते. विवाहानंतर हा सगळा आधार एका दिवसात काढून घेतला जातो. नव्या घराचे न लिहिलेले नियम, सासूच्या बोलण्यातला खोचकपणा की प्रेम हा रोजचा उलगडा, लग्नसराईतले बॅण्ड आणि गर्दी, हळदीकुंकवाला कोणापुढे किती बोलावे, यांत ती दिवसभर खर्ची पडते. संध्याकाळी डोके दुखते म्हणून पडून राहिली तर 'नाटक' ठरते. पहिल्या बाळंतपणानंतर विषाद येतो, औषधाने थोडा उतरतो, पुन्हा येतो. चाळिशीत तिच्या मुलाच्या शाळेतून काही तक्रार येते, मुलाला तपासणीसाठी नेतात, आणि डॉक्टरांच्या प्रश्नांना उत्तरे देता देता आईच्या लक्षात येते की ही उत्तरे आपलीही आहेत. उशिरा होणाऱ्या निदानांचा हा एक नेहमीचा मार्ग असल्याचे परदेशांतील वृत्तांतांवरून दिसते. आपल्याकडे मूल तपासणीपर्यंत पोहोचले तरी आईकडे कोणी वळत नाही.

निदान करावयाचे म्हटले तरी साधने कोणती? केंब्रिजच्या संशोधकांनी २००१ साली प्रौढांसाठी तयार केलेली पन्नास विधानांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. मेजवानीपेक्षा ग्रंथालयात जाणे आवडते काय, संग्रहालयापेक्षा नाटक आवडते काय, अशा आशयाची विधाने तीत आहेत. जेथे मेजवानी म्हणजे पंगत आणि संग्रहालय म्हणजे शाळेच्या सहलीत एकदा पाहिलेली इमारत, तेथे या विधानांचे उत्तर काय मोजते हे सांगणे कठीण आहे. भारतीय बनावटीचे साधन म्हणजे चाळीस कलमांची 'इसा' ही मोजपट्टी. तिच्या गुणांवर सरकारी प्रमाणपत्र अवलंबून असते. ७० पेक्षा कमी गुण आले तर ऑटिझम नाही असे ती मानते. निरीक्षणावर आधारलेली ही पट्टी लहान मुलांच्या बाबतीत उपयुक्तच आहे. परंतु जो प्रौढ तीस वर्षे आपली लक्षणे झाकण्यातच पारंगत झाला आहे, तो तपासनिसासमोर पाऊण तास नीट वागून दाखवील आणि ७० च्या खाली राहील, ही भीती रास्त आहे. अवधानन्यूनतेची स्थिती याहून चमत्कारिक. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या अधिनियमात एकवीस प्रकार आहेत, त्यांत ऑटिझम, विशिष्ट अध्ययन-अक्षमता आणि मानसिक आजार आहेत. अवधानन्यूनतेचे नाव स्वतंत्रपणे नाही.

शिवाय निदानाची एक अंगभूत अडचण आहे, आणि विद्यार्थ्यांनी ती विशेष ध्यानात घ्यावी. विषादानेही चित्त स्थिर राहत नाही, विसरभोळेपणा येतो, माणसे नकोशी होतात. मग मूळ कोणते आणि छाया कोणती? याचे उत्तर आजच्या लक्षणांत नाही, काळात आहे. विषाद येतो आणि जातो. त्याला आरंभ असतो. चेताभिन्नतेला आरंभ नसतो. विषाद ओसरलेल्या चांगल्या वर्षांतही जे तसेच होते, सातव्या-आठव्या वर्षीही जे होते, ते विषादाचे नव्हे. म्हणून तपासणाऱ्याला बालपणाचा वृत्तांत मिळवावा लागतो, आणि या एका बाबतीत वडनेर शहरापेक्षा सुदैवी आहे. शहरात चाळिशीच्या माणसाचे बालपण पाहिलेला साक्षीदार शोधावा लागतो. गावात आई आहे, चुलती आहे, सोबत शाळेत गेलेला शेजारी आहे, कदाचित निवृत्त गुरुजीही आहेत. 'हा पोळ्याच्या दिवशी तोरणाजवळ कधी थांबला नाही, गोठ्यात जाऊन बसायचा' अशी आठवण कोणत्याही प्रश्नावलीपेक्षा मोलाची ठरू शकते. त्याचबरोबर वाचता वाचता स्वतःलाच निदान बहाल करण्याचा मोहही टाळला पाहिजे. स्वतःची ओळख पटणे हा चौकशीचा प्रारंभ आहे, चौकशी नव्हे.

उपचारांच्या बाबतीत विदर्भाचा अनुभव आशादायक आहे. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम राबविण्यात आला. गावातीलच कार्यकर्त्यांना शिकवून विषाद ओळखणे, प्रथमोपचार म्हणून धीर देणे व पुढे पाठविणे अशी त्याची रीत होती. उपक्रमापूर्वी विषादग्रस्तांपैकी ४.३ टक्के लोक उपचारांपर्यंत पोहोचत होते. अठरा महिन्यांनंतर ते प्रमाण २७.२ टक्के झाले. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांमधील प्रयोगाचे निष्कर्ष आले. वैद्यकीय पदवी नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत दिलेल्या उपचाराने तीन महिन्यांत ६४ टक्के रुग्णांचा विषाद ओसरला. केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. वर्धा जिल्हाही २०१५ साली सुरू झालेल्या राज्य शासनाच्या 'प्रेरणा' प्रकल्पात आहे; आशा कार्यकर्तीने घरोघर जाऊन मनःस्थितीची विचारपूस करावी अशी त्यात योजना होती.

गोव्यातील उपचारपद्धतीचे सूत्र साधे आहे: विषादात माणूस आनंद देणारी कामे सोडतो, त्यामुळे विषाद वाढतो, म्हणून बरे वाटण्याची वाट न पाहता ती कामे ठरवून पुन्हा सुरू करावीत. सूत्र योग्यच आहे. मात्र 'आनंद देणारी कामे' कोणती, हे ठरविताना समुपदेशक बहुधा स्वतःच्या अनुभवावरून जातो. चार लोकांत मिसळा, नातेवाइकांकडे जाऊन या, भजनाला बसा. ऑटिझम असलेल्या माणसाला हाच उपदेश दिला तर आधीच जड झालेल्या ओझ्यावर आणखी एक गोणी ठेवल्यासारखे होईल, आणि उपचारही जमला नाही याचे नवे अपयश पदरी पडेल. त्याला दुपारी तासभर एकट्याने पंपाची मोटार उकलू देणे हे कदाचित त्याचे भजन असेल. अवधानन्यून माणसाला 'रोज ठरल्या वेळी करा' असे सांगून पाठविणे हेही तसेच. ती वेळ आठवून देणारा कोणी ठरविला नाही तर योजना दुसऱ्या दिवशीच मोडते. निदानाचा व्यावहारिक उपयोग तो हाच. विषाद तोच राहतो, औषधेही बहुतांशी तीच राहतात आणि ती डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून बंद करू नयेत. उपचाराचा आराखडा मात्र बदलतो.

आता राहिला प्रश्न तगण्याचा. इंग्रजीत यासाठी जी संज्ञा आहे तिच्यासाठी मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांतून 'लवचिकता' हा शब्द योजलेला दिसतो. वाकून पुन्हा ताठ होणाऱ्या वेताची ती प्रतिमा आहे. शेतकऱ्याचा शब्द याहून चांगला आहे. पावसाने दडी मारली असता पऱ्हाटी 'तग धरते' असे तो म्हणतो. तग धरण्याचे श्रेय तो एकट्या झाडाला देत नाही. काळ्या जमिनीत खोल किती ओल आहे, निंदण वेळेवर झाले होते काय, हे तो आधी पाहतो. संशोधनही याच दिशेला गेले आहे. हवाई बेटांपैकी काउआई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशके मागोवा घेतला. बिकट परिस्थितीत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले समर्थ प्रौढ झाली, आणि त्यांच्या आयुष्यात घराबाहेरचे का होईना पण एखादे भरवशाचे माणूस होते असे आढळले. अॅन मॅस्टन यांनी २००१ च्या आपल्या लेखात हाच निष्कर्ष काढला की या शक्तीत असामान्य असे काही नसते. साध्यासुध्या आधारांच्या जाळ्यातून ती येते.

उशिरा निदान झालेल्या प्रौढांच्या मुलाखतींवर आधारलेल्या पाश्चात्त्य अभ्यासांत जवळजवळ सारखाच क्रम आढळतो. प्रथम सुटका: म्हणजे मी आळशी नव्हतो, मी वाईट सून नव्हते. मग शोक, आणि पुष्कळदा संताप: हे तीस वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते तर? हा दुसरा काळ कठीण असतो, आणि त्यात विषाद पुन्हा उसळू शकतो. निदान सांगून रुग्णाला घरी पाठवून देणाऱ्या डॉक्टरने हे विसरता कामा नये. त्यानंतर, ज्यांच्या वाट्याला थोडी ओल असते त्यांच्या बाबतीत, कामांची फेरवाटणी सुरू होते. मुदतीचे कागद पत्नी सांभाळते, फवारणीचे वेळापत्रक भिंतीवर लागते, मोबाइल आठवण देतो, लग्नाला जाऊन अक्षता पडताच परत येण्याची मुभा घर देते. यांत वीरश्री कोठेच नाही. आणि म्हणूनच 'चेताभिन्न माणसे अलौकिक प्रतिभेची असतात' या हल्लीच्या कौतुकापासूनही सावध राहिले पाहिजे; प्रतिभा नसलेल्या चेताभिन्न माणसालाही झोप, मान आणि दोन वेळचे जेवण लागते. जेथे फेरवाटणी करण्यास घरात दुसरे माणूसच नाही, किंवा जमीन अर्धा एकर आणि मजुरी रोजची आहे, तेथे निदानाने मिळालेला दिलासा फार दिवस पुरत नाही हेही तितकेच खरे. तातडीच्या प्रसंगी १४४१६ हा 'टेलि-मानस'चा विनामूल्य दूरध्वनी २०२२ च्या ऑक्टोबरपासून उपलब्ध आहे, आणि त्यावर मराठीतून बोलता येते.

आपल्या विभागातील विद्यार्थ्यांना या क्षेत्रात करण्याजोगे काम पुष्कळ आहे, आणि ते प्रश्नावल्यांच्या शब्दशः भाषांतराचे नाही. प्रौढाच्या बालपणाचा वृत्तांत गावातील माणसांकडून कसा घ्यावा, तो घेताना त्या माणसाची गुप्तता कशी राखावी, आणि वऱ्हाडी बोलीत कोणते प्रश्न विचारावेत, याची पद्धत प्रथम बसविली पाहिजे. मेजवानी आणि ग्रंथालय यांच्या जागी काय घालावे? पंगतीत वाढणे पत्करतो की चुलीजवळ थांबणे. सरकी-ढेपेचे भाव तोंडपाठ सांगतो, पण पाहुण्याला 'बसा' म्हणण्याचे विसरतो काय. काम अर्धे टाकून दुसरे हाती घेतो की एकच काम अंधार पडेपर्यंत सोडत नाही. बस हुकली की दिवसभर चित्त थाऱ्यावर येत नाही काय. आणि हे असे तो केव्हापासून करतो. शेवटच्या प्रश्नाला 'पहिल्यापासूनच' असे उत्तर आले, तर सेवाग्राम वा सावंगीच्या मानसोपचार विभागाकडे पाठविताना चिठ्ठीवर विषादाच्या लक्षणांबरोबर ते उत्तरही, ज्याने दिले त्याच्याच शब्दांत, लिहून द्यावे.